परम रुद्र सुपरकॉम्प्युटरमधली चिप आपली नाहीये, कृपया तो मेसेज थांबवा

काल रात्री भाचीचा फोन. नववीत आहे, विज्ञान दिनाला शाळेत भाषण करायचंय. म्हणाली, "मावशी, परम रुद्रची चिप पुण्यात कुठे बनते गं? बघायला जाता येईल?" कुठून कळलं विचारलं तर फॅमिली ग्रुपवरचा तोच फॉरवर्ड, जो मला आत्तापर्यंत चार जणांनी पाठवलाय, आणि पोरीने तो वहीत जसाच्या तसा उतरवून घेतलेला. आता गप्प बसवत नाही.

मेसेजचं म्हणणं असं: अमेरिकेने क्रे सुपरकॉम्प्युटर नाकारला म्हणून डॉ. विजय भटकरांनी १९९१ साली भारतीय चिपवर जगातला दोन नंबरचा सुपरकॉम्प्युटर बनवला, आजचा परम रुद्र शंभर टक्के स्वदेशी चिपवर चालतो, आणि चीनला हे अजून जमलेलं नाही.

आधी ते शंभर टक्के. रुद्रमध्ये प्रोसेसर, म्हणजे मुख्य चिप, इंटेलचे झिऑन आहेत आणि जीपीयू, म्हणजे जोडीला भराभर आकडेमोड करणाऱ्या चिप, एनव्हिडियाचे; दोन्ही कंपन्या अमेरिकी. आपलं काय, तर सर्व्हर. त्याचा बोर्ड सी-डॅक या आपल्या सरकारी संगणक संस्थेने डिझाइन केला, तो इथेच बनला, आणि हे काम मोठंच आहे, त्याबद्दल अभिमान वाटायलाच हवा. पण बोर्ड म्हणजे चिप नव्हे! घरातल्या कॉम्प्युटरचं झाकण काढून बघा, ती मोठी पाटी असते तो बोर्ड, आणि पंख्याखाली जो छोटा चौकोन बसवलेला असतो तो प्रोसेसर. रुद्रमध्ये पाटी आपली आहे, चौकोन बाहेरून आलाय. माझ्यावर विश्वास नको, जगातल्या सर्वात वेगवान सुपरकॉम्प्युटरांची टॉप५०० ही यादी उघडा, दरवर्षी जून आणि नोव्हेंबरमध्ये येते आणि प्रत्येक मशीनपुढे प्रोसेसरचं नाव छापलेलं असतं. सी-डॅकचेच दुसरे सुपरकॉम्प्युटर बघा: पुण्याचा परम सिद्धी नोव्हेंबर २०२० ला ६३ वा होता, ऐरावत जून २०२३ ला ७५ वा. दोन्हींपुढे लिहिलंय एएमडी एपिक आणि एनव्हिडिया ए१००, म्हणजे प्रोसेसर आणि जीपीयू दोन्ही अमेरिकी कंपन्यांचे.

मला राग येतो तो यासाठी की सी-डॅकमधली माणसं खरंच 'ऑम' नावाचा प्रोसेसर डिझाइन करतायत, ९६ कोअरचा (कोअर म्हणजे चिपमधला आकडेमोड करणारा भाग), आर्म या ब्रिटिश कंपनीच्या मूळ आराखड्यावर, ५ नॅनोमीटरचा (हा आकडा जितका लहान तितकी चिप बारीक आणि बनवायला अवघड). आपल्या मोहालीच्या सरकारी लॅबमध्ये चिप बनते ती १८० नॅनोमीटरवर, म्हणजे ऑमचं डिझाइन झालं तरी चिप बनवून घ्यायला तैवानलाच जावं लागणार. ही सगळी लढाई अजून लढायचीय आणि मेसेज सांगतो की आपण जिंकून बसलोय, मग त्या लोकांना पैसे, वेळ, माणसं मिळावीत असं कोण म्हणेल? आणि यात कमीपणा कसला, जपानच्या फुगाकू सुपरकॉम्प्युटरची चिप तिथल्याच फुजित्सूने डिझाइन केली पण बनली तैवानमध्येच, अमेरिकेच्या एल कॅपिटन सुपरकॉम्प्युटरचीही तीच गोष्ट.

चीनचं तर पूर्ण खोटं. एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकेने त्यांच्या तियानहे-२ सुपरकॉम्प्युटरसाठी झिऑन द्यायचं बंद केलं, आणि जून २०१६ मध्ये वूशी शहरातला सनवे तायहूलाइट स्वतःच्या चिपवर, ९३ पेटाफ्लॉप्सच्या (सुपरकॉम्प्युटरचा वेग मोजायचं एकक) वेगाने, जगात पहिला आला. सलग चार याद्यांमध्ये पहिला.

१९९१ चं अर्धं खरं आहे, मान्य. मोठा क्रे खरंच दिला नाही, मात्र मान्सूनच्या अंदाजासाठी क्रेचाच छोटा एक्स-एमपी दिल्लीत आला होता, ते मेसेजमध्ये नाही. १९९१ चं ते भटकरांचं मशीन म्हणजे परम ८०००, त्यात ६४ ट्रान्सप्युटर (एकमेकांना जोडून वापरायचे प्रोसेसर) होते, ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे. भटकरांच्या टीमचं कर्तृत्व ते सगळे एकत्र राबवण्यात होतं, आणि ते अस्सल होतं, त्याला खोटी चिप चिकटवायची गरजच काय? दोन नंबर म्हणाल तर १९९० ला झुरिचच्या प्रदर्शनात जी मशिन्स चालवून दाखवली त्यांच्यात परमचा प्रोटोटाइप (पहिला नमुना) दुसरा आला असं सांगतात. जगाची यादी, म्हणजे टॉप५००, सुरूच झाली १९९३ ला.

भाचीने वहीतलं पान फाडलं आणि मी फोनवर सांगत गेले तसं नवीन लिहून घेतलं: "परम रुद्रचा सर्व्हर आपण बनवला, प्रोसेसर अजून बाहेरून येतो, आणि आपला ऑम तयार होतोय." शाळेत ती हेच बोलणार आहे.