ब्रेक, टायर आणि तो पाऊण तास: मालकाचं उत्तर

नमस्कार सर,

लँडिंगच्या वेळी तुम्हाला आणि घरच्यांना जो त्रास झाला त्याबद्दल मनापासून क्षमस्व. टायर फुटल्यावर केबिनमध्ये किती मोठा आवाज येतो हे मला माहीत आहे. रिव्ह्यूत एकच स्टार दिलात, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण ‘ब्रेक फेल झाले, नवशिक्या पायलटने टायर फोडला आणि वर पाऊण तास आम्हाला आत डांबून ठेवलं’ हे सगळे वाचतायत. दोन विमानांवर चालणाऱ्या आमच्यासारख्या चार्टर कंपनीचं बुकिंग अशा एका वाक्याने थांबतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नेहमीच्या ब्रेकचा हायड्रॉलिक दाब गेला, हे खरं. अशा वेळेसाठी या जेटमध्ये नायट्रोजनची वेगळी बाटली असते. कॅप्टनने पेडल सोडून तिचा लिव्हर ओढला. या इमर्जन्सी ब्रेकला अँटी-स्किड नसतं, त्यामुळे चाक जाम होऊ लागलं तर ते आपोआप सुटत नाही. लिव्हर सारखा ओढ-सोड करूनही चालत नाही, कारण दर वेळी सोडला की गॅस वाया जातो. दाब हाताच्या अंदाजानेच द्यायचा असतो, तोही धावपट्टी संपायच्या आत. त्यात एक टायर गेला, पण विमान धावपट्टीवरच सरळ उभं राहिलं. नवशिक्याच्या हातून हे होत नाही, सर.

आता तो पाऊण तास. खरं सांगतो, मला लागलं ते हेच. बाटली वापरली की विमान जागेवरच थांबवायचं, टॅक्सी करायची नाही, म्हणजे जमिनीवर चालवत न्यायचं नाही, अशीच पद्धत आहे. शिवाय विमान थांबलं म्हणून ब्रेक लगेच निवत नाहीत. डिस्कमधली उष्णता रिमकडे आणि टायरकडे सरकत राहते, आणि थांबल्यावर बराच वेळ चाक आणखी तापत जातं. अशा वेळी चाक फुटलं तर तुकडे बाजूला उडतात. म्हणून अग्निशमनचे जवानही चाकाजवळ पुढून किंवा मागून जातात, बाजूने नाही. 1963 मध्ये स्विसएअरचं एक कॅरॅव्हेल जेट विमान झ्युरिकहून निघालं, आणि उड्डाणाआधीच तापलेल्या ब्रेकमुळे लागलेल्या आगीत विमानातले सगळे 80 जण गेले. इतक्या तापलेल्या चाकांजवळून तुमच्या मुलांना चालत न्यायचं का? आग नव्हती, धूर नव्हता, तेव्हा आत बसणंच सुरक्षित होतं. जवानांनी चाकं तपासून हिरवा कंदील दिल्यावर लगेच दार उघडलं.

तुम्ही बॅग घेऊन दारापाशी उभे राहिलात, को-पायलटवर आवाज चढवलात. घाबरल्यावर होतं असं, मी समजू शकतो. पण ती ‘बसून घ्या’ म्हणाली तो उद्धटपणा नव्हता, ते तिचं कामच आहे.

थांबावं लागलं तर प्रवाशांना वेळोवेळी माहिती देत राहण्याबाबत क्रूशी बोललो आहे, त्यात सुधारणा करू. दाब का गेला हे सापडून दुरुस्ती होईपर्यंत ते विमान हँगरमध्येच राहील. परताव्यासाठी ऑफिसला फोन करा, मी स्वतः बोलेन.

स्टार हवं तर तसाच ठेवा. ‘नवशिक्या’ हा शब्द तेवढा काढता आला तर बघा. कॅप्टननेही तो वाचलाय.