एल्सची कारकीर्द आणि आपला संताप

माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया जशी आली तशीच प्रसिद्ध केली आहे. गोल्फपटू टायगर वूड्सच्या वर्चस्वामुळे प्रतिस्पर्ध्यांची विजेतेपदे गेली, कारकिर्दी गेल्या नाहीत, उलट त्याच्यामुळे खेळात आलेल्या पैशाचा त्यांना फायदाच झाला, असे मी लिहिले होते. त्यावर आपले म्हणणे असे की, वूड्समुळे ऑगस्टाचे, म्हणजे मास्टर्स स्पर्धेचे, मैदान लांबवल्याचा मी उल्लेख केला नाही, वूड्स खेळत असताना इतरांचा खेळ खालावतो हे सांगणारे संशोधन दडवले, त्याचा प्रतिस्पर्धी डेव्हिड ड्युव्हलला विसरलो, आणि शेवटी, "ज्याने स्पर्धेत कधी क्लब हाती धरला नाही, तोच एर्नी एल्सचे दुःख बक्षिसाच्या रकमेत मोजू शकतो."

हे शेवटचे वाक्य लिहिण्यापूर्वी निदान विचारायचे तरी होते. मी हौशी स्पर्धांत अनेक वर्षे खेळलो आहे, आणि त्यातली बहुतेक एकाच खेळाडूच्या मागे राहण्यात गेली. तो पुढच्या गटात असला की ग्रीनच्या (भोकाभोवतीच्या हिरवळीच्या) मध्यावर चेंडू टाकण्याऐवजी मी बंकरच्या (वाळूच्या खड्ड्याच्या) आडोशाला लावलेल्या भोकाच्या झेंड्यावर नेम धरत असे आणि बहुधा वाळूत जात असे, हे खरे; परंतु त्याला गाठण्यासाठी जो सराव केला, त्यानेच माझा हँडिकॅप (जितका कमी तितका खेळ चांगला) उतरला. तेव्हा दुसरा येणे म्हणजे काय, हे आपण मला शिकवू नये.

आता वूड्सचा प्रतिस्पर्धी एल्स. २००० साली मास्टर्स, यूएस ओपन आणि ब्रिटिश ओपन या लागोपाठच्या तिन्ही मेजर (गोल्फच्या सर्वांत मोठ्या) स्पर्धांत तो दुसरा आला. त्यातील मास्टर्स वूड्सने नव्हे, विजय सिंगने जिंकली होती, हे आपल्या संतापात राहून गेलेले दिसते. यूएस ओपन पेबल बीचवर वूड्स १५ फटक्यांनी जिंकला आणि ब्रिटिश ओपन सेंट अँड्र्यूजवर ८ फटक्यांनी. पण पहिल्या ठिकाणी एल्सच्या बरोबरीने मिगेल आंखेल हिमेनेझ दुसरा होता आणि दुसऱ्या ठिकाणी थॉमस ब्यॉर्न. म्हणजे वूड्स घरी बसला असता तरी एल्सला दोन्हीकडे प्लेऑफ (बरोबरी सोडवणारा जादा खेळ) खेळावाच लागला असता, आणि तो त्याने जिंकलाच असता असे आपण कशाच्या आधारावर गृहीत धरता? गोल्फमध्ये कोणी समोरून चेंडू अडवत नाही. याच एल्सने पुढे २००२ आणि २०१२ मध्ये ब्रिटिश ओपन जिंकली. तिला उद्ध्वस्त कारकीर्द म्हणायचे असेल तर आपली मर्जी.

ऑगस्टाचा मुद्दा मात्र रास्त आहे: २००२ च्या स्पर्धेसाठी ते मैदान २८५ यार्डांनी लांबवले गेले आणि त्याचा जाच आखूड ड्राइव्ह (सुरुवातीचा लांब फटका) असणाऱ्यांनाच अधिक झाला. संशोधनाचे निष्कर्ष सरासरीचे आहेत आणि त्यांवर इतर अभ्यासकांनी आक्षेपही घेतले आहेत. ड्युव्हलने ब्रिटिश ओपन जिंकली ती २००१ मध्ये, वूड्सच्या ऐन भरात; नंतर त्याला दुखापतींनी गाठले.

बक्षिसाच्या रकमेबद्दल आपण 'कोडगेपणा' असेही लिहिले आहे. जो खेळाडू तिसावा येतो आणि ज्याच्या विजेतेपदाचा प्रश्नच नसतो, त्याचा संसार वूड्समुळे वाढलेल्या दूरचित्रवाणीच्या पैशावर चालला, हे सांगण्यात कसला कोडगेपणा? विजय सिंगने २००४ मध्ये नऊ स्पर्धा जिंकून वूड्सला जागतिक क्रमवारीतील अव्वल स्थानावरून खाली खेचले, त्यावर आपल्या प्रतिक्रियेत एक अक्षरही नाही. त्यावर लिहावे, उत्तर देईन.