एकही भाग न ऐकता जुन्या रेडिओ मालिकांचे जाणकार व्हा

अमेरिकेतल्या जुन्या साहस मालिकांवर अधिकारवाणीने बोलायचं असेल, तर पहिली अट अशी की त्या ऐकायच्या नाहीत. ऐकल्या की शंका येतात. शंका आल्या की त्या काळच्या वर्तमानपत्रांतले रेडिओ कार्यक्रमांचे रकाने चाळावेसे वाटतात. आणि रकाने चाळणाऱ्या माणसाला कुणी पुन्हा गप्पांना बोलावत नाही.

सुरुवात ‘लोन रेंजर’पासून करा. मुखवटा, पांढरा घोडा, चांदीच्या गोळ्या, एवढं समोरच्याला साधारण माहीत असतं. ही मालिका डेट्रॉइटच्या डब्ल्यूएक्सवायझेड केंद्रावरून १९३३ च्या जानेवारीअखेर सुरू झाली. नेमकी तारीख? वर्षानुवर्षं ३० जानेवारी छापली गेली. तपासणारे आता ३१ धरतात. तुम्ही मात्र ३० ला चिकटून राहा. त्याच दिवशी हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर झाला, त्यामुळे ‘तिकडे अंधार दाटत होता आणि इकडे एक मुखवटाधारी घोड्यावर स्वार होत होता’ असं वाक्य आपोआप तयार होतं. तारीख एका दिवसाने पुढे सरकली, तर बिचाऱ्या रेंजरच्या हाती नुसता मंगळवार उरतो.

आता पहिल्या भागाचं रसभरित वर्णन करा. दरीत दबा धरून बसलेले दरोडेखोर, टेक्सास रेंजर्सवर झालेला गोळीबार, सहांपैकी एकटाच वाचलेला जवान आणि त्याची शुश्रूषा करणारा टोंटो. प्रसंग झकास आहे, पहिल्या भागात तो नव्हता एवढंच. ही जन्मकथा मागाहून जुळवली गेली, आणि टोंटो तर पहिल्या दहा भागांत कुठेच नाही. एकट्या रेंजरने बोलायचं कुणाशी, ही अडचण आली तेव्हा लेखक फ्रॅन स्ट्रायकरने त्याला जोडीदार दिला. घोडा काही उत्तर देत नाही. पण तुम्ही निर्धास्त राहा, तुमचं खोटं कुणी पकडणार नाही. त्या पहिल्या भागाचं ध्वनिमुद्रण अस्तित्वातच नाही. १९३८ च्या आधीचे भाग थेट प्रसारित झाले आणि बहुतेक हवेतच विरले. जाणकारीच्या धंद्यात याहून चांगलं भांडवल मिळत नाही. ज्याचा आवाज उरलेला नाही, त्याच्याबद्दल हवं ते छातीठोकपणे सांगावं.

अर्ल ग्रेसर हा रेंजरचा आवाज १९४१ च्या एप्रिलमध्ये मोटार अपघातात गेला. इथे आवाज थोडा खाली आणा आणि सांगा, की त्याच संध्याकाळी त्याच्या जागी ब्रेस बीमर उभा राहिला आणि कुणाला फरक कळलासुद्धा नाही. प्रत्यक्षात फरक कळेल याची केंद्रावरच्या लोकांना पुरेपूर भीती होती. म्हणून त्यांनी कथेत रेंजरला जबर जखमी केलं, काही भाग त्याला जेमतेम कुजबुजू दिलं आणि गाडा टोंटोवर ढकलला. रेंजर बरा झाला तेव्हा त्याचा आवाज बीमरचा होता. हा सगळा खटाटोप तुमच्या दंतकथेपेक्षा कितीतरी मजेदार आहे, पण सांगायला तीन मिनिटं लागतात. तुमच्याकडे एक आहे.

‘द शॅडो’ या अदृश्य होणाऱ्या नायकाची मालिका म्हटली की लगेच नट-दिग्दर्शक ऑर्सन वेल्सचं नाव घ्यायचं, तेही ‘मूळ शॅडो’ म्हणून. वेल्स आला १९३७ मध्ये आणि पुढच्याच वर्षी मालिकेतून बाहेर पडला. शॅडोचा आवाज मात्र ३१ जुलै १९३० पासून ऐकू येत होता. स्ट्रीट अँड स्मिथ या प्रकाशनसंस्थेला आपलं गुप्तहेरकथांचं मासिक खपवायचं होतं, त्यासाठीच्या कार्यक्रमाचा तो नुसता निवेदक होता. झालं भलतंच. लोक मासिकाच्या दुकानात जाऊन ‘तो शॅडोवाला अंक द्या’ म्हणू लागले, तेव्हा १९३१ मध्ये शॅडोच्या नावाचं मासिक काढावं लागलं. म्हणजे जाहिरात आधी आणि माल नंतर. माणसांच्या मनावर धुकं पसरवून अदृश्य होण्याची त्याची प्रसिद्ध विद्याही छापील कथांतली नव्हे, रेडिओवरची. रेडिओवर अदृश्य होणं मुळातच स्वस्त पडतं. ही माहिती खरी असल्यामुळे चारचौघांत वापरू नये, लोक वेल्सच्या अपेक्षेने बसलेले असतात.

‘ग्रीन हॉर्नेट’ या मुखवटाधारी नायकाचा नोकर काटो हाताशी असू द्या, कारण तो एका वाक्यात संपतो: पर्ल हार्बरवर बाँब पडले आणि जपानी काटो रातोरात फिलिपिनो झाला. वाक्य इतकं गोळीबंद आहे, की जून १९४१ च्या भागातच, हल्ल्याच्या सहा महिने आधी, त्याला फिलिपिन्सचा म्हटलंय हे कुणी काढलं तर त्याची कीव येते. १९४० च्या चित्रपट-मालिकेत तो कोरियन होता, हे तर बोलूच नका. एकाच नोकराला तीन देश दिले तर श्रोते गोंधळतात.

आता खरी परीक्षा, ‘सुपरमॅन’. रेडिओवर तो १२ फेब्रुवारी १९४० ला अवतरला, बड कॉलियरच्या आवाजात. क्रिप्टोनाइट आणि संपादक पेरी व्हाइट या दोन गोष्टी चित्रकथांनी रेडिओकडून उचलल्या. पण या तपशिलांत अडकू नका, तुम्हाला थेट १९४६ च्या उन्हाळ्यात पोहोचायचं आहे. त्या जून-जुलैत सोळा भागांची एक कथा प्रसारित झाली. चिनी वंशाचा एक अमेरिकन मुलगा बेसबॉलच्या संघात येतो, ज्याची जागा जाते त्याचा काका बुरखाधारी टोळीचा म्होरक्या निघतो, आणि सुपरमॅन त्या टोळीचा समाचार घेतो. कू क्लक्स क्लान या कृष्णवर्णीयांवर हल्ले करणाऱ्या गोऱ्यांच्या गुप्त संघटनेचं नाव न घेता क्लानवर रचलेली ही कथा, तीही नाश्त्याच्या पदार्थाच्या पैशावर चालणाऱ्या, दुपारी शाळेतून आलेल्या पोरांनी ऐकायच्या कार्यक्रमात. त्या काळात हे धाडसच होतं.

एवढ्यावर थांबाल तर तुम्ही जाणकार कसले? पुढचं असं सांगायचं: स्टेट्सन केनेडी नावाचा धाडसी माणूस क्लानमध्ये शिरला, त्याने त्यांचे परवलीचे शब्द निर्मात्यांना कळवले, ते रोज रेडिओवर फुटू लागले, क्लानवाल्यांची पोरंच त्या शब्दांनी खेळू लागली आणि संघटनेचा कणा मोडला. केनेडी खरोखरच क्लानविरुद्ध लढला, म्हणून गोष्टीला पाया आहे आणि पाया असला की वर कितीही मजले चढवता येतात. गंमत म्हणजे या वेळी ध्वनिमुद्रण शाबूत आहे. सोळाही भाग कुणालाही ऐकता येतात, आणि त्यांत क्लानचे खरे सांकेतिक शब्द नाहीत. एका गाजलेल्या अर्थशास्त्राच्या पुस्तकाने ही कथा आधी जशीच्या तशी छापली, आणि २००६ मध्ये त्याच लेखकद्वयाने आपण फसलो असं वर्तमानपत्रात लिहिलं. तुम्ही पुस्तकाची पहिली आवृत्ती जपून ठेवा. दुरुस्तीचा लेख शोधायला वेळ लागतो, आणि श्रोत्यांकडे तो नसतो हे गृहीत धरायला हरकत नाही.

(कुणी विचारलंच की सोळा भागांनी क्लान संपली तर पुढच्या दशकांत दक्षिणेत जे चाललं ते कोण करत होतं, तर घड्याळ बघावं.)

३० ऑक्टोबर १९३८ चा मंगळावरून आलेला हल्ला, म्हणजे वेल्सने बातम्यांच्या थाटात केलेलं रेडिओनाटक, मालिकेत मोडत नाही, तो एका रविवारी झालेला एकच प्रयोग. पण ‘अख्खी अमेरिका रस्त्यावर आली’ हे वाक्य बोलल्याशिवाय उठू देणार नाहीत, म्हणून घाईत उरकून घ्या. त्या रात्री सुमारे पाच हजार घरांना फोन करून झालेल्या पाहणीत जेमतेम दोन टक्के लोक वेल्सचा कार्यक्रम ऐकत होते. दुसऱ्या केंद्रावर एडगर बर्गनचा कार्यक्रम होता, आणि बर्गन हा शब्दभ्रमकार, म्हणजे ओठ न हलवता बाहुली बोलवणारा. तेही रेडिओवर! घबराटीची हवा केली ती वर्तमानपत्रांनी, ज्यांच्या जाहिराती रेडिओ पळवत होता. पण ओठ न हलवण्याची कला रेडिओवर पाहणारा देश मंगळवासीयांना का घाबरणार नाही, असा उलटा युक्तिवादही तुम्हाला करता येईल. बिनधास्त करा.

शेवटचा धोका म्हणजे तो रकानेवाला. असा एक प्रत्येक बैठकीत असतो. तो सांगेल, की मोठ्या नेटवर्कांना पूर्वमुद्रित कार्यक्रम चालत नसल्यामुळे कलाकार एकच भाग संध्याकाळी पूर्वेसाठी आणि काही तासांनी पुन्हा पश्चिमेसाठी थेट करत. तबकडीवर लिहिलेली तारीख कधी मुद्रणाची असते, कधी प्रसारणाची. तबकड्या गावोगाव पाठवून वाजवलेल्या मालिकेला तर प्रत्येक शहरात वेगळी तारीख. कधी अध्यक्षांचं भाषण मध्ये येई, कधी बेसबॉल लांबे, आणि ठरलेला भाग त्या दिवशी लागतच नसे. हे सगळं खरं आहे. म्हणून वाद न घालता प्रसन्न चेहऱ्याने विचारा, ‘काका, तुम्ही तेव्हा ऐकत होतात का?’ ते नाही म्हणतील. मग लगेच हिटलरवर या.