‘पाळी लवकर गेली, सुटलीस!’ म्हणणाऱ्यांना उत्तर

सध्या एक मेसेज ग्रुपाग्रुपांत फिरतोय. त्यात म्हटलंय की, पाळी लवकर गेली तर बाईनं नशीब समजावं, कटकट सुटली. त्यावरून उदास होणं ही शहरी थेरं, आपल्या आज्या कधी रडत बसल्या नाहीत. मन कामात गुंतवा, जाईल आपोआप. आणि हार्मोनच्या गोळ्यांना हात लावू नका, कॅन्सर होतो. लिहिणाऱ्याला धीरच द्यायचा असेल. पण हे वाचून आधीच गप्प असलेली बाई आणखी गप्प होते, म्हणून उत्तर देतेय.

‘कटकट सुटली.’ मुलं हाताशी आल्यावर, वय झाल्यावर पाळी थांबली की अनेकींना हायसं वाटतं, हे खरं. आपल्याकडे ती साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते. पण पंचेचाळिशीच्या आत गेली तर ती लवकर, आणि चाळिशीच्या आत गेली तर अंडाशयांचं काम का मंदावलं हे तपासावंच लागतं. माझ्या एका मैत्रिणीची पाळी ३७ व्या वर्षी थांबली. मूल नव्हतं. लग्न झाल्यावर ‘चार दिवस बाजूला बसणार नाही’ म्हणून घरात भांडलेली ही बाई आता कालनिर्णयवर तारखा ठरवून दर महिन्याला चार दिवस देवघरात जात नाही, सासूबाईंना कळू नये म्हणून. डोहाळजेवणाचं आमंत्रण आलं की तिच्या पोटात गोळा येतो. नवऱ्याला सांगायलाही तिला कित्येक महिने लागले. मूल होणार नाही याचं दुःख, एकदम म्हातारं झाल्याची भीती, बरोबरीच्या बायकांत परकं वाटणं, हे सगळं ती एकटी वागवतेय. तिला ‘सुटलीस’ म्हणायचं?

‘शहरी थेरं.’ मग बीडच्या ऊसतोड बायकांचं काय? २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं पाहणी केली, तेव्हा ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यांतल्या कित्येकी ऐन तरुण. मुकादमाकडून उचल घेतलेली, खाडा झाला की पैसे कापले जाणार, त्यात अंगावरून जायचा त्रास. ‘पिशवी काढून टाक’ हाच उपाय सांगितला गेला. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली तर निसर्ग काही वर्षांत जे हळूहळू करतो, ते काही दिवसांत होतं. अंगाची आग, घामानं तुटणारी झोप, चिडचिड, जीव नकोसा होणं. आणि पहाटे पुन्हा कोयता हातात घ्यायचाच असतो. यात थेर कुठलं?

आज्या रडल्या नाहीत म्हणे. जिथं पाळीचं नाव काढायची चोरी, तिथं ती गेल्याचं दुःख आजी कुणाजवळ बोलणार होती?

‘मन गुंतवा.’ व्यायाम, समुपदेशन, माणसांत राहणं यांचा उपयोग होतो, नक्की होतो. पण अंडाशयांत तयार होणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन मेंदूतही काम करतं. मूड आणि झोप दोन्हींशी त्याचा संबंध आहे. ते अचानक घटलं की होणारी घालमेल हा मनाचा कमकुवतपणा नव्हे. शिवाय हाडं ठिसूळ होणं आणि हृदयविकाराचा वाढता धोका मन गुंतवून थांबत नाही.

राहिली हार्मोनच्या गोळ्यांनी कॅन्सर होण्याची भीती. तिचं मूळ २००२ साली जाहीर झालेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात आहे. त्यातल्या बायकांचं सरासरी वय होतं ६३. त्याचा निष्कर्ष पाळी लवकर गेलेल्या ३५ वर्षांच्या बाईला जसाच्या तसा लावता येत नाही. तिच्या शरीरात या वयात जे असायलाच हवं होतं, तेच या गोळ्या भरून काढतात. म्हणूनच पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत त्या घ्याव्यात असं तज्ज्ञ सांगतात. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेला असेल किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास असेल तर गोष्ट वेगळी, तिथं डॉक्टरांशी नीट बोलूनच ठरवावं.

चाळिशीच्या आत तीन-चार महिने पाळी आली नाही, तर आधी गरोदरपणाची तपासणी, मग एफएसएच (अंडाशयांचं काम कसं चाललंय हे सांगणारी रक्ततपासणी) आणि थायरॉइड करून घ्या. मन फार खचलं असेल तर १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, नंबरवर मराठीत बोलता येतं. आणि पिशवीचं ऑपरेशन सुचवलं असेल, तर ते खरंच लागणार आहे का, अंडाशयं ठेवणार की काढणार, हे सही करण्याआधी विचारा.