अँटेनाचं तोंड कुणीकडं?

"एक छोटीशी अँटेना घ्यायचीय," असं मी म्हणालो, तेव्हा बायको कणीक मळत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "कशाला?" ह्या 'कशाला'चं धड उत्तर मला अजून देता आलेलं नाही. घरात टीव्ही आहे, मोबाईल आहेत, एफएमवर आकाशवाणी गाडीतसुद्धा स्वच्छ लागते. पण शॉर्टवेव्ह रेडिओच्या खरखरीपलीकडून कुणीतरी कुठल्यातरी देशातनं बोलतंय आणि आपण कान लावून बसलोय, ह्यातलं सुख ज्याला कळलं त्याला कळलं. माझ्या ओळखीत असे दोघंच. एक मी, दुसरा सांगलीला असतो.

आजोबांच्या काळी निवडीचा घोळ नव्हता. शिवाजी पेठेतल्या जुन्या घरात तांब्याच्या बारीक तारांची विणलेली पट्टी ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली असायची, की झाली एरियल. रेडिओ ऐकायला तेव्हा लायसन लागायचं, आणि आजोबा ते घरपट्टीच्या पावतीसारखं जपून ठेवायचे. आता ऐकायला लायसन लागत नाही, बोलायला लागतं. (घरात उलटं आहे, पण ते असो.)

शाहूपुरीतल्या दुकानात गेलो. "अँटेना? डिशची का वायफायची?" म्हटलं, शॉर्टवेव्हची. काउंटरवरच्या पोरानं आतल्या म्हाताऱ्या मालकांना हाक मारली. ते चष्मा पुसत बाहेर आले, माझ्याकडं बघून हळहळले आणि म्हणाले, "वायर न्या की दहा-पंधरा मीटर. लई भारी चालती."

वायर आणली. शॉर्टवेव्हच्या ३१ मीटर बँडसाठी रीतसर डायपोल, म्हणजे मधोमध जोडलेली दोन हातांची सरळ तार, बांधायचा तर साधारण १५ मीटर लांबी लागते. आमच्या अपार्टमेंटची गच्ची कर्णानं मोजली तरी ११ भरते. तरी पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या कोपऱ्यापर्यंत ताणली, टोक खाली खिडकीतनं घेतलं आणि रेडिओच्या दांडीला चिमटा लावला. पावकिलोचा रेडिओ तो! ज्याला वाटीभर पांढरा रस्सा झेपतो त्याच्यापुढं अख्खं पातेलं ठेवल्यासारखं झालं. एकच स्टेशन चार ठिकाणी लागायला लागलं, आणि जिथं काहीच नसायला हवं तिथंही चीनचा रेडिओ बोलायला लागला. तसा चीनचा रेडिओ चिमट्याला नुसतं बोट लावलं तरी येतो, त्यात अँटेनाचं कौतुक काही नाही.

दुसऱ्या दिवशी सिग्नल एकदम बसला. वर जाऊन बघतो तर वायरीवर चार गोधड्या.

"वहिनी, ही अँटेना आहे."

"असू द्या की भाऊजी. वाळल्या की काढतो." आमच्याकडं बायकाही 'काढतो'च म्हणतात, आणि म्हणतात त्या काढतातच असं नाही.

मग सांगलीकरानं त्याची मिनी-व्हिप नावाची अँटेना पाठवली. डबीत मावणारी, करंगळीएवढ्या तांब्याच्या पत्र्याची, एका डच हौशी माणसाच्या आराखड्यावरून केलेली. चीज उत्तम, पण तिला घरापासून लांब, उंच आणि मोकळ्यावर ठेवावं लागतं. मी ठेवली बाल्कनीच्या कठड्याला. तिनं अख्ख्या इमारतीचा कचरा इमानेइतबारे गोळा करून माझ्या कानात ओतला.

हा कचरा कुठनं येतो ते शोधायला मी एका रविवारी ट्रान्झिस्टर हातात घेऊन घरभर फिरलो. मोबाईलचा चार्जर: घर्रर्र. वायफायचा डबा: टकटकटक. स्वयंपाकघरातला एलईडी बल्ब: माशी बाटलीत अडकल्यासारखी. पण सगळ्यांवर ताण केली देवघरानं. गणपतीत आणलेली एलईडीची माळ अंबाबाईच्या तसबिरीभोवती लुकलुकत होती, आणि प्रत्येक लुकलुकीला रेडिओ कण्हत होता. मी हात जोडले, "आई, अर्धा तास," म्हटलं आणि बटण बंद केलं. मागं सासूबाई उभ्या होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. पण त्या दिवशी मला चहा आला नाही.

शेवटी सांगलीकरानं फोनवर समजावलं. "अरे, तुला सिग्नल वाढवायचा नाहीये, गोंगाट कमी करायचाय. पाठवायचं असतं तर मोठी अँटेना लागली असती. नुसतं ऐकायला फूटभर अँटेनाही पुरते, फक्त ती गोंगाटापासून वाचली पाहिजे. लूप घे. तारेची गोल कडी. तिची गंमत म्हणजे तोंड ज्याच्याकडं करशील, त्याचंच ती ऐकत नाही. कडेच्या दोन बाजूंचं ऐकती."

"मग लांबच्या स्टेशनाचं काय?"

"ते आभाळातनं परतून येतंय, वरनं. त्याला फारसा फरक पडत नाही. शेजारचा गोंगाट सरळ आडवा येतो, तेवढा मरतो."

फोन स्पीकरवर होता. बायको म्हणाली, "तोंडासमोरच्याचं ऐकत नाही? हीच घ्या. घरात शोभून दिसंल."

घेतली. पाऊण मीटरची कडी, बिघडलेल्या टेबल फॅनच्या बुडख्यावर बसवली, म्हणजे फिरवता येते. पहिल्या दिवशी नुसती घरघर. कारण? तिच्या अ‍ॅम्प्लिफायरला वीज द्यायला मी लावला होता मोबाईलचा तोच चार्जर. मग पॉवर बँक लावली. आता प्रश्न, कडीचं तोंड कुणीकडं करायचं. दक्षिणेला शेजारच्या इमारतीतली चार्ज होणारी स्कूटर, पूर्वेला आमचं देवघर. गोंगाट दोन आणि तोंड एक. स्कूटरकडं फिरवली की माळ कण्हते, माळेकडं फिरवली की स्कूटर. आठवडाभर मी बोटभर इकडं, बोटभर तिकडं करत बसलो. सासूबाईंना वाटलं, पंखा दुरुस्त करतोय.

आणि एका संध्याकाळी, वळवाच्या ढगांनी आभाळ भरलं होतं तेव्हा, अख्ख्या पेठेची लाईट गेली. स्कूटर गेली, माळ गेली, वायफाय गेलं. रेडिओत अशी शांतता पसरली, की मला आधी वाटलं सेल संपले. मग त्या शांततेत दोन-तीन सूर आले, घंटेसारखे, भरलेले, थांबून थांबून. अंगावर काटा आला. न्यूझीलंड! तिथल्या रेडिओची खूण म्हणजे बेलबर्ड नावाच्या पक्ष्याची शीळ. दहा हजार किलोमीटरच्या वर अंतर, आणि आमच्या हॉलमध्ये!

"ऐक, ऐक!" मी ओरडलो. बायको मेणबत्ती घेऊन आली. तिनं कान दिला, नीट ऐकलं.

"पाखरू ओरडतंय."

"न्यूझीलंडचं आहे ते!"

"असंल. सकाळी रंकाळ्यावर चला म्हणते रोज, तर उठत नाही."

मी काही बोलणार तेवढ्यात खाली गल्लीत पोरांनी एकच गलका केला, "आली रे आलीऽऽ!", आणि देवघरात माळ लुकलुकायला लागली.