मृग लागला म्हणून थायरॉईडची गोळी बंद करू नका

मृगाच्या आधीपासून एक मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय, मला एकटीलाच चौघींनी पाठवला. म्हणे पावसाळी हवेने हार्मोन्स आपोआप बिघडतात, दमट हवेत गोळीचा गुण जातो, तेव्हा थायरॉईडची गोळी चार महिने बंद ठेवून काढा प्या, आयोडीन काय किनाऱ्यावर मासळीतून मिळतंच.

हवेचा त्रास होतो हे खरंय, मनाचे खेळ म्हणून कुणी तो उडवू नये. मळभ आलं की काहींचं डोकं ठणकतं, पाळी जायच्या वयात इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन उतरतं आणि जराशा उष्णतेनेही अंगातून वाफा निघतात, त्यात आपल्याकडे घाम वाळतच नाही. पण टीएसएच, म्हणजे रक्त तपासणीतला थायरॉईड कमी पडला की वाढणारा आकडा, ऋतूप्रमाणे हलतो तो थोडासाच, तोही थंडीत किंचित वर जातो. त्यावरून पावसात गोळी बंद करा हे कुठून काढलं?

आमच्या मोठ्या काकूने मागच्या वर्षी हेच केलं. पहिले पंधरा दिवस काही झालं नाही, होणार कसं, ते औषध रक्तातून निम्मं व्हायलाच साधारण ७ दिवस लागतात. गणपतीत बघते तर चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, बोटातली अंगठी हलेना, आम्ही घामाने निथळत मोदक वळतोय आणि ही शाल घेऊन बसलेली, नारळ खवायला घेतला तर अर्ध्या वाटीतच दमली. सगळे म्हणाले हवा बदललीय. हवा कसली, अंगात गोळीच नव्हती!

मासळीत आयोडीन असतं, बरोबर. पण आयोडीनवालं मीठ घरोघरी आल्यापासून बहुतेकांचा थायरॉईड कमी होतो तो आपलीच प्रतिकारशक्ती ग्रंथीवर उलटल्यामुळे, तो बांगडे खाऊन भरून येत नाही. आणि काढा सर्दीला घ्या हवा तर, त्यात थायरॉक्सिन, म्हणजे गोळीतलं थायरॉईडचं हार्मोन, नसतं.

दमट हवेचं मात्र अर्धं खरंय. मिठाच्या बरणीला पाणी सुटतं त्या दिवसांत काकूची बाटली गॅसशेजारच्या खिडकीत, झाकण अर्धवट. या गोळीला ओल, उष्णता, उजेड सोसत नाही. मग बाटली कोरड्या कपाटात ठेवा ना, झाकण घट्ट लावून, गोळी कशाला सोडायची? सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्या, चहा अर्ध्या-एक तासाने, कॅल्शियम नि लोहाच्या गोळ्या ४ तास लांब. डोस बदलायचा तर डॉक्टरांना विचारून, आणि बदलल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी परत रक्त तपासायचं.

काकूची गोळी गणपतीनंतर लगेच सुरू केली. तुळशीच्या लग्नाला अंगठी बोटात फिरायला लागली होती.