एमपीएफआय गाडीचा ‘स्लोचा स्क्रू’: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

जुन्या पेट्रोल गाड्या हौसेने सांभाळणाऱ्या मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांमधून सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे आहे: एमपीएफआय (इंजेक्टरने प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल फवारणारी प्रणाली) म्हणजे वायरी जोडलेला कार्ब्युरेटरच (हवेत पेट्रोल मिसळणारे जुने यांत्रिक साधन), त्यामुळे गाडी स्लोला, म्हणजे पेडलवर पाय नसताना, बंद पडत असेल तर थ्रॉटलचा (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेचा) स्क्रू अर्धा फेरा आत घ्यावा, सकाळी किल्ली मारण्याआधी पेडल दोन-तीनदा दाबून नंतर पाच मिनिटे रेस देत इंजिन गरम करावे, आपल्या हवामानात थर्मोस्टॅटची (इंजिन थंड असताना कूलंट, म्हणजे इंजिनात फिरणारे पाणी, रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेची) गरज नाही, तो काढून टाकावा, उतारावर गाडी न्यूट्रलला टाकावी म्हणजे पेट्रोल वाचते, आणि महिन्यातून एकदा बॅटरीची तार काढून ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) ‘कोरा’ करावा. शेवटी, हे सेन्सर वगैरे कंपन्यांनी गिऱ्हाईक बांधून ठेवण्यासाठी आणले, असेही त्यात म्हटले आहे.

संदेश लिहिणाऱ्याचा हेतू वाईट आहे असे मला वाटत नाही. यातल्या बऱ्याच सवयी पद्मिनी आणि कार्ब्युरेटरच्या मारुती ८०० च्या काळात योग्यच होत्या. परंतु २००० सालानंतरच्या सुरुवातीच्या इंजेक्शन गाडीवर त्या लादल्या की चांगले इंजिन हकनाक बिघडते, आणि अशा गाड्या आता इतक्या थोड्या उरल्या आहेत की प्रत्येक चुकीच्या सल्ल्याची किंमत मोठी आहे.

मूळ गैरसमज पहिल्याच वाक्यात आहे. कार्ब्युरेटरमध्ये हवेच्या ओढीने पेट्रोल जेटमधून, म्हणजे एका बारीक छिद्रातून, वर खेचले जाते. तिथे मोजणारे कोणी नसते, म्हणून हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण माणसाने स्क्रूने बसवावे लागते. इंजेक्शनच्या गाडीत आधी हवा मोजली जाते आणि मग पेट्रोल ठरते. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत इनटेक मॅनिफोल्डमधला (थ्रॉटलपासून सिलिंडरपर्यंत हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब, आत येणाऱ्या हवेचे तापमान आणि इंजिनाचे फेरे यांवरून ईसीयू हवेचे वजन काढतो आणि त्या हिशेबाने इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवतो. मिनिटाला ८०० फेऱ्यांवर इंजिनाचे एक आवर्तन १५० मिलिसेकंदांत पूर्ण होते, आणि स्लोला चालणाऱ्या गरम इंजिनात त्यातले साधारण दोन ते तीन मिलिसेकंद इंजेक्टर उघडा असतो. इतक्या बारीक हिशेबात एखादा स्क्रू अंदाजाने फिरवणे म्हणजे तराजूचा काटा बोटाने सरकवणे होय.

आता त्या स्क्रूकडे येऊ, कारण संदेशातला सर्वांत नुकसानकारक सल्ला हाच आहे. पाय पेडलवर नसताना थ्रॉटलची तबकडी जवळजवळ बंद असते आणि इंजिनाला लागणारी हवा मुख्यतः तिच्या बाजूने काढलेल्या एका अरुंद मार्गातून जाते. या मार्गावर आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह, म्हणजे स्लोची हवा कमी-जास्त करणारी विजेची झडप, असतो. काही गाड्यांत ती स्टेपर मोटर असते, काहींत सोलेनॉइड. ईसीयू सतत फेरे मोजतो, कूलंटच्या तापमानाप्रमाणे आणि एसी चालू आहे की नाही यावरून अपेक्षित फेरे ठरवतो, आणि तफावत दिसली की व्हॉल्व्ह थोडा उघडतो किंवा मिटतो. जोडीला इग्निशनचे टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, किंचित मागेपुढे करून तो बारीक चढउतार सावरतो. म्हणजे स्लो किती असावा हे स्क्रू ठरवत नाही, ईसीयू ठरवतो. तबकडी बोअरमध्ये (ती ज्या गोल नळीत बसते तिच्यात) रुतून अडकू नये, एवढ्यासाठीच तो स्टॉप स्क्रू असतो. कारखान्यात त्याची जागा ठरवून बहुधा त्यावर रंगाचा ठिपका दिलेला असतो, आणि त्या ठिपक्याचा अर्थ ‘हात लावू नये’ असाच आहे.

स्क्रू आत घेतला की काय होते, हे मी माझ्याच २००३ सालच्या चार सिलिंडरच्या गाडीवर पाहिले आहे. सिग्नलला एसी लावला की ती बंद पडायची. एका गॅरेजमध्ये “साहेब, स्लो जरा वाढवून देतो” असे म्हणून स्क्रू पाऊण फेरा आत घेतला गेला आणि दोन आठवडे गाडी उत्तम चालली. खरा दोष होता तबकडीच्या कडेला आणि बाजूच्या हवेच्या मार्गात साचलेला काजळीचा थर. क्रँककेसमधली (इंजिनाच्या खालच्या, तेल असलेल्या भागातली) तेलकट वाफ इनटेकमध्ये परत येते, तिच्यामुळे असा थर वर्षानुवर्षे बसत जातो. व्हॉल्व्ह पुरता उघडूनही हवा अपुरी पडत होती. पुढे दुसऱ्या मेकॅनिकने थ्रॉटल बॉडी साफ केली, तेव्हा हवेचा मार्ग मोकळा झाला, पण स्क्रू आतच राहिला होता. परिणामी फेरे १६०० च्या खाली येईनात. थ्रॉटल किती उघडा आहे ते ईसीयूला कळवणाऱ्या थ्रॉटल पोझिशन सेन्सरच्या सिग्नलच्या तारेवर मल्टिमीटर लावला, तर पाय वर असतानाही ०.७१ व्होल्ट दिसत होते. त्या गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ते अर्ध्या व्होल्टच्या आसपास हवे होते. ईसीयूच्या दृष्टीने माझा पाय अजून पेडलवरच होता. म्हणून त्याने स्लोचे नियंत्रण हाती घेतलेच नाही, आणि पाय उचलल्यावर पेट्रोल तोडणेही थांबवले. गियरमध्ये पाय काढल्यावर गाडी कोणी मागून ढकलत असल्यासारखी पुढे जात राही, ती याचमुळे.

सर्वच गाड्यांत परिणाम असा दिसत नाही. काही ईसीयू सेन्सरचे सर्वांत कमी वाचन हेच ‘बंद थ्रॉटल’ म्हणून शिकून घेतात. तिथे जादा हवेमुळे फेरे पेट्रोल तोडण्याच्या मर्यादेपर्यंत चढतात, पेट्रोल तुटते, फेरे पडतात, पेट्रोल पुन्हा सुरू होते, आणि गाडी उभ्या उभ्या धापा टाकल्यासारखी रेस वर-खाली करत राहते. अशा वेळी “ईसीयू गेला” म्हणून निकाल दिला जातो. प्रत्यक्षात ईसीयू आपले काम नेमके करत असतो.

वाढलेल्या स्लोचे हेच लक्षण फाटलेल्या व्हॅक्यूम पाइपनेही (मॅनिफोल्डला जोडलेल्या रबरी नळीनेही) दिसते आणि वीस वर्षांच्या रबराच्या बाबतीत ते अधिक संभवते. मॅनिफोल्डच्या दाबावरून हवा मोजणाऱ्या गाडीत गळतीतून आलेली हवा दाब वाढवते, ईसीयू तिच्यासाठी पेट्रोलही देतो, आणि स्लो वाढतो. हवेचा प्रवाह फिल्टरनंतर मोजणाऱ्या गाडीत मात्र ती हवा मोजणीतून निसटते, मिश्रण पातळ होते आणि इंजिन अडखळते. एकच भेग दोन प्रकारच्या गाड्यांत उलट लक्षणे दाखवते, म्हणून ‘स्लो वाढला की अमुक करा’ असे सरसकट सूत्र देता येत नाही. पकडीच्या तोंडाला कापड गुंडाळून स्लोला चालणाऱ्या इंजिनाचे व्हॅक्यूमचे पाइप एकेक करून हलकेच दाबावेत; ज्याच्या वेळी फेरे एकदम खाली येतात, त्याच पाइपाच्या पुढे दोष शोधावा. तापलेल्या इंजिनावर ज्वालाग्राही फवारे मारून गळती शोधण्याचा प्रकार घरी करू नये.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. सुरुवातीच्या काही इंजेक्शन गाड्यांत बाजूच्या हवेच्या मार्गावर खरोखरच एक समायोजनाचा स्क्रू असतो आणि उत्पादकाने तो फिरवायला सांगितलेलेही असते. परंतु तो स्टॉप स्क्रू नव्हे. आणि तोही इंजिन पूर्ण गरम असताना, रेडिएटरचा पंखा बंद असताना, पुस्तिकेत दिलेल्या क्रमानेच फिरवायचा असतो.

सकाळी पेडल दाबण्याचा सल्ला तपासायला सोपा आहे. कार्ब्युरेटरमध्ये पेडलला जोडलेला एक छोटा पंप असे आणि प्रत्येक दाबाबरोबर तो खरोखर पेट्रोलची पिचकारी मारत असे. इंजेक्शनच्या गाडीत इंजिन फिरत नसताना पेडल दाबले तर फक्त तबकडी उघडते आणि मिटते. पेट्रोलचा थेंबही आत जात नाही. उलट अनेक ईसीयू स्टार्टर फिरताना पेडल पूर्ण दाबलेले दिसले, की इंजिन ‘ओव्हर’ झाले आहे, म्हणजे आत जादा पेट्रोल साचले आहे, असे समजून पेट्रोल बंद करतात. उपयोगाची सवय वेगळीच आहे: किल्ली ‘ऑन’ला नेऊन मागच्या सीटखालून पंपाची दोन-तीन सेकंदांची घरघर ऐकू येऊन थांबली, की मग स्टार्टर मारावा. पेट्रोलच्या नळीत दाब तेवढ्या वेळात भरतो.

पाच मिनिटे रेस देणेही असेच अनाठायी आहे. थंड इंजिनाला ईसीयू स्वतःच जास्त हवा आणि जास्त पेट्रोल देतो, म्हणून सुरुवातीला फेरे १२०० ते १५०० असतात आणि इंजिन तापेल तसे आपोआप उतरतात. हे जादा पेट्रोल थंड भिंतींवर द्रवरूपात साचते आणि काही अंशी सिलिंडरवरचे तेल धुऊन काढते. त्यामुळे ही अवस्था लवकर संपवणे हिताचे आहे, आणि ती उभ्या गाडीपेक्षा हळू चालवलेल्या गाडीत लवकर संपते. अर्धा-एक मिनिट थांबून पहिले दोन किलोमीटर जोर न देता गेलेले बरे.

थर्मोस्टॅट काढण्याचा सल्ला मला सर्वांत जास्त खटकतो, कारण तो आपल्याकडे सर्रास पाळला जातो. थर्मोस्टॅट इंजिन थंड ठेवण्याचे यंत्र नसून इंजिनाला ठरलेल्या तापमानापर्यंत पोहोचवण्याचे यंत्र आहे. साधारण ८२ ते ८८ अंशांवर तो उघडू लागतो. तो काढला की महामार्गावर, विशेषतः पावसाळ्यात किंवा डिसेंबरच्या पहाटे, कूलंट तेवढे तापतच नाही. कूलंटचा सेन्सर हा तापेल तसा विद्युत रोध कमी होणारा असतो: त्या काळातल्या अनेक गाड्यांत २० अंशांना सुमारे अडीच हजार ओहम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास. हा रोध वरच राहिला की ईसीयू इंजिन थंड आहे असेच धरून चालतो, पेट्रोल जास्त देतो, स्लो वाढवून ठेवतो, आणि मालक म्हणतो की ॲव्हरेज गेले. डॅशबोर्डचा काटा यावर पुरावा होत नाही, कारण अनेक गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा आणि ईसीयूचा वेगळा असतो. काटा मध्यावर स्थिर असतानाही ईसीयूला इंजिन गारठलेले दिसत असू शकते.

न्यूट्रलचा हिशेब तर सरळ उलटा आहे. आंबेनळी घाटातून पोलादपूरकडे उतरताना गाडी गियरमध्ये आहे, पाय पेडलवर नाही आणि फेरे साधारण दीड हजाराच्या वर आहेत, तर ईसीयू इंजेक्टर पूर्ण बंद ठेवतो. इंजिन चाकांच्या जोरावर फिरते आणि पेट्रोल शून्य लागते. न्यूट्रल केले की इंजिन जिवंत ठेवण्यासाठी त्याला पुन्हा पेट्रोल द्यावे लागते, लहान इंजिनाला तासाला साधारण अर्धा ते एक लिटर. सपाट रस्त्यावर न्यूट्रलमध्ये गाडी जास्त लांब घरंगळते हे खरे आहे, परंतु संदेश घाटातल्या उताराबद्दल बोलतो आणि तिथे इंजिनाचा ब्रेक सोडून देणे म्हणजे सगळा भार ब्रेक लायनरवर टाकणे आहे.

बॅटरीची तार काढल्याने अनेक जुन्या ईसीयूंची शिकलेली आकडेवारी पुसली जाते, हे बरोबर आहे, आणि थ्रॉटल साफ केल्यानंतर एकदा तसे करणे काही गाड्यांत उपयोगीही ठरते. दर महिन्याला केले तर मात्र गाडी दर महिन्याला स्लो नव्याने शिकत बसते, आणि नोंदलेला बिघाडाचा कोडही जातो. त्या काळातल्या अनेक जपानी बनावटीच्या गाड्यांत डायग्नोसिसच्या कपलरमधली (बिघाड तपासण्यासाठी दिलेल्या जोडणीतली) दोन ठरलेली टोके तारेच्या तुकड्याने जोडली, की इंजिनचा दिवा लुकलुकून तो कोड सांगतो. स्कॅनरही लागत नाही. दिवा विझवण्याआधी तो काय सांगतो ते वहीत उतरवून घ्यावे.

कंपन्यांच्या कारस्थानाबद्दल थोडेच लिहितो. बॉशची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन प्रणाली १९६७ मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या फोक्सवॅगन १६०० वर आली, ती तिथल्या धुराच्या नियमांमुळे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९९ च्या आदेशानंतर दिल्ली परिसरात युरो मानके लागू झाली आणि २००० मध्ये मारुती ८०० ला एमपीएफआय मिळाले. धुरातले विषारी वायू कमी करणारा थ्री-वे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करतो तो हवा आणि पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १४.७ ला १ च्या अगदी जवळ असेल तेव्हाच, आणि तेवढा नेमकेपणा साध्या कार्ब्युरेटरला जमत नाही.

ज्यांनी संदेश वाचून स्क्रू आधीच फिरवला आहे, त्यांच्यासाठी माझ्या गाडीचे पुढे काय केले ते सांगतो. आधी थ्रॉटल बॉडी आणि व्हॉल्व्हचा मार्ग साफ आहे याची खात्री केली. मग स्क्रू तबकडी पुरती मिटेपर्यंत मागे घेतला आणि ती बोअरमध्ये न रुतता सहज उघडेल एवढाच पुन्हा आत आणला. थ्रॉटल पोझिशन सेन्सरचे दोन स्क्रू सैल करून, मल्टिमीटर बघत, वाचन पुस्तिकेतल्या आकड्यावर आणले आणि ते आवळले. बॅटरीची तार दहा मिनिटे काढून परत जोडली आणि काहीही चालू न करता इंजिन रेडिएटरचा पंखा दोनदा फिरेपर्यंत स्लोला चालू दिले. फेऱ्यांचा काटा ८५० वर स्थिरावला. एसीचे बटण दाबले तेव्हा तो क्षणभर खचला आणि पेडलला पाय न लावता ९५० वर जाऊन थांबला.